दूधगंगेपासून अनमोडपर्यंत

कागल मागे पडलं की दूधगंगेचा पूल येतो आणि पूल उतरला की थोड्याच वेळात कोगनोळीचा टोलनाका. दोन्ही बाजूंना ऊस, शिवारातली माणसं एकाच बोलीत बोलणारी. राज्य बदललं हे कळतं ते पाट्यांवरून आणि पोलिसांवरून. हिवाळ्यात बेळगावात कर्नाटक विधिमंडळाचं अधिवेशन भरलं, किंवा १ नोव्हेंबर, १७ जानेवारी, १ जून यांपैकी एखादी तारीख जवळ आली, की या नाक्यावर लोखंडी कठडे लागतात आणि महाराष्ट्रातून येणाऱ्या पुढाऱ्यांच्या गाड्या इथूनच परत फिरवल्या जातात. मी गेलो तेव्हा तशी कुठलीच तारीख नव्हती. कठडे कडेला रचून ठेवलेले होते आणि एसटी न थांबता पुढे गेली.

या तारखा सीमाभागातल्या पोरांना पाठ असतात. १ नोव्हेंबर हा काळा दिवस. बाकीच्या दोन गोळीबाराच्या. निपाणीची आणखी एक आहे, ६ एप्रिल. कोल्हापूर ते बेळगाव हे अंतर जेमतेम एकशेदहा किलोमीटर, पुढे खानापूर, रामनगर करत अनमोड घाट. एवढ्याशा पट्ट्यात सरकारने निःशस्त्र माणसांवर वारंवार बळ वापरलं, आणि याच पट्ट्यातून १९६१ साली भारतीय फौज गोव्यात उतरली. पोलिसांची गोळी आणि लष्कराची चाल हे दोन वेगळे विषय म्हणून आपण वाचतो. मला ते एकाच रस्त्यावर, एकापाठोपाठ पाहायचे होते.

निपाणीत उतरलं की तंबाखूचा वास येतो. वखारी पूर्वीइतक्या राहिल्या नाहीत, पण जुन्या पेठेच्या बाजूला अजूनही दारं उघडी दिसतात, आत पोती, हवेत खकाणा, आणि नाकातोंडाला पदर बांधून चाळण करणाऱ्या बाया. बिडीच्या तंबाखूची ही देशातली मोठी बाजारपेठ. या वखारींतल्या कामगार बायकांनी सत्तरीच्या दशकाच्या अखेरीस प्रा. सुभाष जोशी यांच्या सोबतीने संघटना उभारली, कामाचे तास आणि मजुरी यांसाठी संप केले. त्यांच्यावरचा ‘टोबॅको एम्बर्स’ हा माहितीपट १९८२ सालचा आहे. बायकांनी आधी मालकाला हिशेब विचारला आणि मग शेतकऱ्यांनी व्यापाऱ्याला, हा क्रम लक्षात ठेवावा असा आहे.

शेतकऱ्याचा जाच निराळा होता. तंबाखू हे खर्चाचं पीक. खुडायचं, वाळवायचं, जपून ठेवायचं, आणि भाव मात्र व्यापारी सांगेल तो. प्रत नाकारायची, वजनात सूट धरायची, पैसे महिनोन्‌महिने अडकवायचे. शरद जोशींची शेतकरी संघटना कांदा आणि उसाच्या आंदोलनांनंतर इथे आली आणि १९८१च्या मार्चमध्ये हजारो शेतकरी बैलगाड्यांसकट पुणे-बंगळूर महामार्गावर येऊन बसले. एक-दोन दिवसांसाठी नव्हे, तीन आठवड्यांहून अधिक. रस्त्यावरच चुली पेटल्या, सभा झाल्या, भजनं झाली. त्या वस्तीला आंदोलननगर हे नाव पडलं. वखारीतल्या बाया शेतकऱ्यांच्या पाठीशी उभ्या राहिल्या. मजूर आणि शेतकरी एका मांडवात, ही आपल्याकडे सहसा न जमणारी गोष्ट तिथे जमली.

“आंदोलननगर कुठं हो, मामा?” पानपट्टीवर विचारलं.

“हायवेला जावा की. स्मारकच हाय तिथं.”

आता त्या जागेवरून सहापदरीकरणाच्या मापाचा रस्ता जातो आणि मालमोटारींचा आवाज एक क्षण थांबत नाही. ६ एप्रिल १९८१ रोजी पोलिसांनी नेत्यांना अटक केली, मग लोकांवर अश्रुधूर, लाठी आणि शेवटी गोळी. बारा शेतकरी गेले. रस्ता मोकळा करणं हे सरकारचं काम आहे, हे मी मान्य करतो. महामार्ग आठवडेच्या आठवडे बंद राहिला तर माल अडतो, आजारी माणूस अडतो. पण तीन आठवडे शांत बसलेला जमाव काय करणार आहे, हे कळायला सरकारला भरपूर वेळ मिळाला होता. इतक्या अवधीनंतर बारा माणसं मरतात, तेव्हा तो अचानक ओढवलेला प्रसंग राहत नाही, कुणीतरी घेतलेला निर्णय असतो.

हा निर्णय मराठी-कानडी भांडणातला होता का? मुळीच नाही. तेव्हा कर्नाटकात आर. गुंडूराव मुख्यमंत्री होते. त्यांच्याच कारकिर्दीत, निपाणीच्या नऊ महिने आधी, २१ जुलै १९८० रोजी नरगुंद-नवलगुंदच्या शेतकऱ्यांवर गोळ्या चालल्या. ते सगळे कानडी. मलप्रभा प्रकल्पाच्या पाण्यापोटी लावलेल्या आकारणीविरुद्ध ते उठले होते. त्या गोळीबाराने कर्नाटकातली शेतकरी चळवळ उभी केली. निपाणीचा आणि नरगुंदचा शेतकरी एकाच सरकारच्या बंदुकीपुढे उभा होता, आणि दोघांच्या स्मारकांवर फुलं वाहणारी माणसं मात्र आज एकमेकांना ओळखत नाहीत. मला सीमाप्रश्नाचं सर्वांत मोठं नुकसान हे वाटतं.

निपाणी सोडण्याआधी देवचंद महाविद्यालयाकडे वळलो. गावाला अगदी लागून आहे, पण पत्ता अर्जुननगर, तालुका कागल, जिल्हा कोल्हापूर. पोरगं कर्नाटकातल्या घरातून डबा घेऊन निघतं आणि महाराष्ट्रातल्या वर्गात बसतं. पदवी शिवाजी विद्यापीठाची. संध्याकाळी फाटकातून मुलंमुली बाहेर पडत होती, मराठीत भांडत, कानडीत हाक मारत, हिंदी गाणं मोबाईलवर लावून. १९५६ साली याच निपाणीत कमळाबाई मोहिते पोलिसांच्या गोळीने गेल्या. त्यांचं नाव त्या मुलांपैकी किती जणांना ठाऊक असेल, हे विचारायचा मला धीर झाला नाही.

तवंदीचा घाट, संकेश्वर, यमकनमर्डी, काकती. हा रस्ता आता झोपेत सरतो.

बेळगावात पहिल्यांदा गेलो ते टिळकवाडीत, काँग्रेस विहिरीपाशी. १९२४च्या डिसेंबरात इथे काँग्रेसचं अधिवेशन भरलं. महात्मा गांधी ज्याचे अध्यक्ष होते असं ते एकमेव. अधिवेशनाला आलेल्यांना पाणी मिळावं म्हणून ही विहीर खोदली गेली. अहिंसेचा आग्रह धरणारा माणूस जिथे अध्यक्ष झाला, त्याच गावात पुढे किर्लोस्कर रोडवर १७ जानेवारी १९५६ रोजी गोळीबार झाला. भाषावार प्रांतरचनेत बेळगाव महाराष्ट्रात येणार नाही हे कळल्यावर लोक रस्त्यावर उतरले होते. पैलवान मारुती बेन्नाळकर, मधू बांदेकर आणि त्यांचे साथी त्या गोळीबारात गेले. तेव्हा बेळगाव मुंबई राज्यात होतं, गोळी झाडणारे पोलीसही मुंबई राज्याचे. याची आठवण आपण महाराष्ट्रातली माणसं सहसा काढत नाही. काढायला हवी.

हुतात्मा चौकातलं स्मारक लहान आहे. कापडाच्या दुकानांच्या, दागिन्यांच्या पाट्यांच्या गर्दीत नजर चुकली तर दिसायचंही नाही. दर १७ जानेवारीला मात्र इथून मूक फेरी निघते. १९७१ साली त्या दिवशी बॅरिस्टर नाथ पै बेळगावात आले, हुतात्म्यांच्या सभेत बोलले आणि त्याच रात्री हृदयविकाराने गेले. वय पन्नासच्या आत. संसदेत गोव्याच्या मुक्तीसाठी झगडलेला हा माणूस सीमाप्रश्नाच्या व्यासपीठावरून उतरला तो अखेरचा.

हिंडलगा गावाच्या बाजूला मध्यवर्ती तुरुंग आहे आणि जवळच १९८६च्या हुतात्म्यांचं स्मारक. कर्नाटकात प्राथमिक शाळेपासून कानडी सक्तीची करण्याचं धोरण आलं, तेव्हा एस. एम. जोशींच्या पुढाकाराने सर्वपक्षीय आंदोलन ठरलं. पोलिसांनी सीमा बंद केल्या, तरी १ जूनला शरद पवार बेळगावात पोचले आणि त्यांनाही लाठीचा मार बसला. त्यानंतर छगन भुजबळ वेषांतर करून शहरात शिरले, हे महाराष्ट्राला पुष्कळ आठवतं. भुजबळांचा वेष आठवतो, तितकी त्या आंदोलनात गोळीबाराने गेलेली नऊ माणसं आठवत नाहीत. बहुतेक आसपासच्या खेड्यांतली होती, शेती करणारी, हातावर पोट असलेली. आपण आंदोलनाची गोष्ट सांगताना पुढाऱ्यांच्या साहसाकडे झुकतो. स्मारकापुढे उभं राहिल्यावर तो कल लाजिरवाणा वाटतो.

येळ्ळूरला रिक्षाने गेलो. राजहंसगडाच्या पायथ्याचं गाव, बासमती भाताचं शिवार. गडावर शिवाजी महाराजांचा मोठा पुतळा उभा राहिला आणि २०२३च्या मार्चमध्ये त्याचं अनावरण दोन पक्षांनी दोन वेगळ्या दिवशी केलं. पण गाव बातम्यांत आलं ते २०१४ साली. वेशीवर ‘महाराष्ट्र राज्य येळ्ळूर’ असा फलक अनेक वर्षं होता. न्यायालयाचा आदेश झाला, प्रशासनाने जुलैच्या शेवटच्या आठवड्यात तो पाडला, गावकऱ्यांनी पुन्हा उभारला, पुन्हा पाडला गेला. इथवर कायदा आणि त्याला केलेला विरोध एवढीच गोष्ट होती. त्यानंतर २७ जुलैला पोलीस गल्ल्यांत शिरले, घरांत घुसले, म्हातारी माणसं आणि बाया यांच्यावर लाठ्या चालवल्या. ती चित्रं दूरचित्रवाणीवर सगळ्यांनी पाहिली.

एका ओसरीवर पाणी मागितलं तर आजींनी “बसा की वो, च्या घेऊनच जावा,” म्हणून आत हाक दिली. मी त्या दिवसाबद्दल काही विचारलं नाही. उंबरा पाहत राहिलो. फलक हटवण्याचा आदेश न्यायालयाचा होता हे मान्य, आदेशाची अंमलबजावणी व्हायलाच हवी. पण फलक वेशीवर होता, घरात नव्हता. उंबरा ओलांडून मारलेली लाठी कुठल्याही आदेशात बसत नाही.

आणि लाठी भाषा बघून पडते अशी ज्यांची समजूत आहे, त्यांनी बेळगावच्या दक्षिणेला महामार्गावर उभं असलेलं सुवर्ण विधानसौध पाहावं. १० डिसेंबर २०२४ रोजी पंचमसाली लिंगायत समाजाचे लोक आरक्षणाच्या मागणीसाठी त्या बाजूला निघाले होते. सगळे कानडी बोलणारे, याच राज्याचे मतदार. त्यांच्यावरही लाठ्या चालल्या. नरगुंदचीच गोष्ट, नव्या इमारतीसमोर.

कॅम्पात गेलं की शहराचा आवाज खाली बसतो. रुंद रस्ते, जुनी झाडं, बंगल्यांची लाल कौलं, आणि मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र. सीमाभागातल्या किती घरांत या पलटणीचा फोटो भिंतीवर आहे! पोलिसांच्या बाबतीत लोक जे मनात धरून असतात, ते या फाटकासमोर विरघळतं. सकाळच्या अंधारात भरतीसाठी धावणारी पोरं त्याच हिंडलग्याची, त्याच येळ्ळूरची.

गोव्याची गोष्ट इथून सुरू होते. १९५५ साली गोवा विमोचनासाठी महाराष्ट्रातून आणि देशभरातून सत्याग्रही निघाले. काही सावंतवाडी-बांद्याकडून गेले, काही बेळगावहून घाटाकडे. १८ मे रोजी नानासाहेब गोरे आणि सेनापती बापट यांच्यासोबत पहिली तुकडी हद्दीत शिरली. हातात तिरंगा, शस्त्र एकही नाही. पोर्तुगीज पोलिसांनी बेदम मारलं, काहींना हद्दीबाहेर फेकलं, काहींना आग्वादच्या तुरुंगात डांबलं. गोऱ्यांना, मधू लिमयांना दीर्घ मुदतीच्या शिक्षा झाल्या. १५ ऑगस्टला हजारो सत्याग्रही एकाच दिवशी निघाले. पत्रादेवीला, तेरेखोलला, कॅसलरॉकच्या रेल्वेमार्गावर त्यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. वीसहून अधिक माणसं मेली. पंजाबचे कर्नैलसिंग पत्रादेवीला पडले, हिरवे गुरुजी तेरेखोलला.

त्यानंतर जो वाद पेटला तो आज पुन्हा वाचण्यासारखा आहे. समाजवाद्यांचं, जनसंघाचं, कम्युनिस्टांचं म्हणणं होतं की सत्याग्रहाला गोळीने उत्तर मिळालं, आता सरकारने हैदराबादसारखी कारवाई करावी. पंडित नेहरूंनी नकार दिला. जगाला शांततेचा मार्ग सांगणाऱ्या देशाने स्वतः फौज वापरू नये, ही त्यांची भूमिका होती. पोर्तुगाल नाटोचा सभासद होता, हीही अडचण होती. त्यांनी सामुदायिक सत्याग्रहही थांबवायला लावला. रागावलेल्या लोकांना हा दगा वाटला. सत्याग्रही तुरुंगात, बाहेर कोंडी, आणि वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो हे दोघं गुप्त नभोवाणी चालवत राहिले, आधी आंबोलीच्या रानातून आणि मग कॅसलरॉकच्या जंगलातून, १९६१पर्यंत. लिबियाबाईंना २०२५ साली पद्मश्री मिळाली.

नोव्हेंबर १९६१मध्ये अंजदीव बेटावरून ‘साबरमती’ या प्रवासी बोटीवर गोळीबार झाला आणि नेहरूंचा धीर संपला. बेळगाव हा मोहिमेचा तळ झाला. मेजर जनरल के. पी. कॅन्डेथ यांची १७वी डिव्हिजन इथे जमली, सांबऱ्याच्या धावपट्टीवरून हंटर विमानं उडाली आणि बांबोळीचं बिनतारी केंद्र त्यांनी उद्ध्वस्त केलं. ६३वी ब्रिगेड अनमोडवरून खाली उतरली, ब्रिगेडियर सगतसिंग यांचे छत्रीधारी सैनिक उत्तरेकडून पणजीकडे सरकले, दमणमध्ये पहिली मराठा बटालियन लढली. १९ डिसेंबरच्या संध्याकाळपर्यंत सगळं आटोपलं. भारताचे २२ जवान कामी आले.

एकमत तेव्हाही नव्हतं. अमेरिका आणि ब्रिटनने सुरक्षा परिषदेत युद्धबंदीचा आणि माघारीचा ठराव आणला. सोव्हिएत नकाराधिकाराने तो पडला. घरात राजाजींनी उघड टीका केली, भारताने आपलं नैतिक बळ गमावलं असं त्यांचं मत होतं. मला राजाजींचं म्हणणं पटत नाही. साडेचारशे वर्षांची वसाहत, चौदा वर्षांच्या वाटाघाटी, निःशस्त्र माणसांची प्रेतं, यानंतर फौज पाठवणं योग्यच होतं. पण ते बोलले, छापून आलं, लोकांनी वाचलं, वाद घातला, हे मला मोलाचं वाटतं. फौज वापरावी की नाही यावर हा देश वर्षानुवर्षं खुलेपणाने भांडला.

पलीकडच्या बाजूचा एक माणूसही इथे आठवायलाच हवा. गव्हर्नर जनरल वासालो इ सिल्वा यांना सालाझारचा हुकूम होता की शेवटच्या माणसापर्यंत लढायचं, शरणागती नाही. त्यांनी तो मानला नाही. उगाच माणसं मारायची नाहीत, शहरं उद्ध्वस्त करायची नाहीत, म्हणून शरण आले. मायदेशी त्यांना सैन्यातून काढून टाकलं. सालाझारची राजवट गेल्यानंतर, १९७४ साली, मान परत मिळाला. सत्याग्रह्यांवर गोळ्या झाडणारी राजवट आणि तिचाच एक सेनापती, जो गोळी न झाडण्याचं धैर्य दाखवतो, ही दोन्ही त्याच सहा वर्षांतली.

खानापूर, रामनगर सोडलं की झाडी दाट होते आणि रस्ता अनमोडच्या चौकीला येतो. आता तिथे कर्नाटक-गोव्याची तपासणी आहे. दारूच्या बाटल्या शोधतात. दरीत ढग होते आणि खाली मोले दिसत नव्हतं. पिशवीत फौजदारी कायद्याचं पुस्तक होतं. आपल्या फौजदारी प्रक्रिया संहितेची कलमं १२९ ते १३२ जमाव पांगवण्याबद्दलची; २०२४पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेत तीच १४८ ते १५१ झाली. जमाव हुकूम देऊनही पांगला नाही तर पोलिसांना बळ वापरता येतं, एवढंच पहिलं कलम सांगतं. लष्कराची मदत घ्यायची असेल तर मात्र पुढचं कलम लष्करी अधिकाऱ्यावर स्पष्ट बंधन घालतं की त्याने कमीत कमी बळ वापरावं, माणसाला आणि मालमत्तेला कमीत कमी इजा करावी. पोलिसांसाठी ते शब्द त्या कलमात नाहीत. आणि शेवटचं कलम म्हणतं की अशा कारवाईबद्दल सरकारी नोकरावर खटला भरायचा तर सरकारची परवानगी लागेल. निपाणीचा महामार्ग, हिंडलगा, येळ्ळूरचा उंबरा, सौधासमोरचा रस्ता, सगळं या मजकुरात आलं. सैनिकाला संयम शिकवणारा कायदा पोलिसाला तेवढा शिकवत नाही, आणि ज्याने गोळी झाडायला लावली त्याच्यावर खटल्याचं दार तोच उघडणार.

सीमाप्रश्नाचा दावा महाराष्ट्राने २००४ साली सर्वोच्च न्यायालयात नेला; अजून निकाल नाही. लागेल तेव्हा लागेल, आणि कुणाच्या बाजूने लागो, निपाणीची वखार आणि नरगुंदचं शेत जागेवरच राहणार. पण बळाच्या हिशेबासाठी कुणाच्या निकालाची वाट पाहायची गरज नाही. बेळगावच्या आणि कोल्हापूरच्या आमदार-खासदारांना माझं सांगणं आहे: लष्करासाठी लिहिलेली ‘कमीत कमी बळ’ ही अट पोलिसांच्या कलमातही घालून घ्या. जमावावर गोळीबार होऊन माणूस मेला, तर सरकारची परवानगी न मागता खटला चालावा, अशी दुरुस्ती आणा. आणि १९५६, १९८१, १९८६, २०१४ या प्रत्येक कारवाईचे आदेश कुणी दिले, कशाच्या आधारे दिले, याची कागदपत्रं मराठीत आणि कानडीत लोकांपुढे ठेवा.